डोंगरार

काशीरामकाका दाराशी चपला काढून आत आले, पलंगाशी वाकून "काय रे, वळाखलंस मां?" म्हणाले, आणि भाऊंनी त्यांच्याकडे बघत, डावा हात चादरीवरून जरासा उचलून, नेहमीचा शब्द उच्चारला. "डोंगरार." मी सवयीने उठले. पडदा सरकवला, व्हीलचेअर पलंगाला भिडवली. भाऊ म्हणजे माझे वडील, आणि काका त्यांचे घाटकोपरच्या भटवाडीतले जुने शेजारी. चार महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि जे तीन शब्द उरले त्यातला हा एक. मुलुंडच्या माझ्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून डोंगर दिसतो. भाऊ तो शब्द म्हणाले की मी त्यांना खिडकीशी नेऊन बसवते, हे आमचं ठरलेलं. पण काकांनी माझं मनगट धरलं. "खिडकी कित्याक उघडतंस गो? तेका लागलीहा. भांडा हाड." मी म्हटलं, "काका, त्यांना डोंगर बघायचाय. दिवसातून तीन-चारदा बघतात." काका माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. "डोंगर बघूक? ह्यो? अगो चेडवा, डोंगरार म्हंजे परसाकडे! भटवाडीत आमी सगळे तसाच म्हणायचो. बायकापोरांसमोर दुसरा काय म्हणणार?" मी पडद्याची दोरी हातात धरून तशीच उभी राहिले.

पुढचं सगळं काकांनीच केलं. बाल्कनीत कमोडची खुर्ची घडी करून ठेवलेली होती, तिच्यावर मी चार महिने वर्तमानपत्रं रचत आले होते. काकांनी वर्तमानपत्रं खाली लोटली, खुर्ची बाथरूममध्ये नेली, भाऊंच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. मी मदतीला पुढे झाले तर म्हणाले, "तू रव थंयच," आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी दोघं बाहेर आले तेव्हा भाऊंचा चेहरा बघून मला धक्का बसला. तो सुटलेल्या माणसाचा चेहरा होता. फिजिओथेरपी, मालिश, फळांचे रस, मोबाइलवर लावलेले पक्ष्यांचे आवाज, यातल्या कशानेही तो चेहरा आला नव्हता. काकांनी चहा घेतला, दोन खारी बुडवून खाल्ल्या, भाऊंच्या केसांवरून हात फिरवला आणि ते मानखुर्दला परत गेले.

झालं ते एवढंच. शनिवारची दुपार होती. पलंगापासून चार फुटांवर माझं टेबल आहे आणि टेबलावर तीनशे नव्वद पानं पडलेली होती. नऊ वर्षं मी ती कादंबरी लिहितेय. दिवसभर विमा कंपनीत इंग्रजी पत्रकांचं मराठी करायचं, आणि उरलेल्या वेळात हे. कादंबरीतल्या माणसाचं नाव वेगळं आहे, पण तो भाऊच. कुर्ल्याच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा, घाटकोपरला डोंगराच्या उतारावर भटवाडीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा, घुम्या म्हणावा इतका कमी बोलणारा माणूस. तो रोज सकाळी पाण्याचा डबा घेऊन डोंगर चढतो, वर कुठेतरी एकट्या उभ्या असलेल्या झाडाला पाणी घालतो, आणि उतरताना मुठीत काहीतरी घेऊन येतो, फूल, पीस, बी. बायको मरते, मुलगी दुसऱ्याच्या घरी वाढते, गिरणी बंद पडते, तरी त्याचं चढणं चुकत नाही. तो का चढतो हे शेवटच्या प्रकरणात उलगडायचं होतं आणि तेच नेमकं मला तीन वर्षं येत नव्हतं. भाऊ माझ्याकडे राहायला आले आणि ते येऊ लागलं. प्रकाशक, म्हणजे माझी कॉलेजपासूनची मैत्रीण गंधाली, तिला सोमवारी हे प्रकरण हवं होतं. कव्हर तयार होतं. पाठमोरा माणूस, डोंगर, तांबूस आभाळ. त्या कव्हरकडे बघितलं आणि मला एकदम हसू फुटलं, कारण तो माणूस पाठमोरा का आहे हे आता मला कळलं होतं. मग हसू थांबलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले.

माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. मावशीने मला बोरिवलीला नेलं. मावशीचे यजमान बँकेत होते, घर दोन खोल्यांचं पण ब्लॉक, घरातच संडास, पांढऱ्या टाइल्स, फिनेलचा वास. भाऊ रविवारी यायचे. सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे, चहा पटकन संपवायचे, आणि मग खिशातून रुमाल काढून गाठ सोडायचे. रुमालात कधी सावरीचं लालभडक फूल, कधी मूठभर गुंजा, एकदा भारद्वाजाचं तपकिरी पीस. "कुठून आणलंत?" "डोंगरार गेललंय, थंय गावला." एवढंच बोलणं. मग ते जायचे आणि मी ते फूल पाण्यात ठेवायचे. पुढचा रविवार येईपर्यंत ते कुजायचं आणि मावशी मी शाळेत गेलेली असताना फेकून द्यायची. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील ऑफिसात जायचे, पेपर वाचायचे, रागवायचे. माझे वडील डोंगरावर जायचे.

मी सात वर्षांची होते तेव्हा मे महिन्यात मावशीचे सासरे वारले, ती मंडळी साताऱ्याला गेली आणि चार दिवस मला भटवाडीत ठेवलं. पहिल्या दिवशी जाग आली तर भाऊ दारात उभे. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, खांद्यावर पंचा, हातात पत्र्याचा डबा आणि डब्यात काठोकाठ पाणी. मी विचारलं, "भाऊ, पाणी कुणाला?" त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या अंगातल्या मावशीने शिवलेल्या झालरीच्या फ्रॉककडे. मग म्हणाले, "झाडाक." मी म्हटलं, "मी येऊ?" "नको. काटे आसत." आणि गेले. मी उंबऱ्यावर बसून बघत राहिले. वर जाणाऱ्या पायवाटेवर आणखी कितीतरी माणसं डबे घेऊन चढत होती, काही पेंगत, काही विडी ओढत. मला वाटलं, इथली सगळीच माणसं झाडांना पाणी घालतात, केवढी चांगली वस्ती आहे ही. बोरिवलीला परतल्यावर मी हे मावशीला सांगितलं. मावशी काही वेळ तांदूळ निवडत राहिली, मग म्हणाली, "हो गं, घालत असतील." चौथीत मी 'माझे वडील' हा निबंध लिहिला. बाईंनी शेरा दिला होता, 'कल्पना छान.' माझ्या कादंबरीचा तो पहिला खर्डा, आणि आजपर्यंतचं सर्वांत खरं परीक्षणही तेच.

मी काही आयुष्यभर काचेच्या कपाटात वाढले नाही. डबे घेऊन रुळांकडेने जाणारी माणसं मी मानखुर्दच्या बाजूला पाहिली आहेत, खाडीकडेला पाहिली आहेत, तोंड फिरवलं आहे. त्या डब्यांचा अर्थ मला शेंबड्या पोराइतकाच कळतो. तरी तो एक डबा मी त्या सगळ्या डब्यांच्या रांगेत कधी ठेवला नाही. सात वर्षांच्या मुलीने एक गोष्ट मान्य केली होती आणि चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने ती पुन्हा उघडून बघितली नाही. खुणा तर ढीगभर होत्या. एकदा मावशीच्या यजमानांनी हौसेने म्हटलं होतं, "चला भाऊ, नॅशनल पार्कात जाऊ, तुम्हाला झाडांची आवड." भाऊ घाबरल्यासारखे झाले आणि म्हणाले, "रानात काय बघूचा आसा?" कादंबरीत मी हा प्रसंग घेतला आहे. तिथे मी लिहिलंय की कुंपण घातलेला निसर्ग त्याला मानवत नव्हता. काय पण लिहिलंय! बाप सरळ सांगत होता की त्याला रानात काडीचाही रस नाही, आणि मी त्याच्या तोंडून तत्त्वज्ञान काढलं.

आणि हे चार महिने. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या होत्या, "जे शब्द उरलेत ते धरून ठेवा. पेशंट शब्द बोलला की त्याला उत्तर मिळालं पाहिजे, नाहीतर तो शब्दही सोडून देतो." हां, नाय आणि डोंगरार. मला तो शेवटचा शब्द ऐकून भरून आलं होतं. अख्खं आयुष्य पुसलं गेलं आणि माणसाकडे डोंगर उरला, असं मी त्याच दिवशी वहीत टिपलं. मग मी बिनपगारी रजा घेतली. नर्सिंग ब्यूरोच्या माणिकताई सकाळ-संध्याकाळ तासभर यायच्या; सकाळी नऊला त्या आल्या की मी तासभर मागच्या डोंगरावर जायला लागले, त्यांच्या डोंगरावर नाही तर निदान त्याच्या भावकीतल्या डोंगरावर. झाडांची नावं शिकले. कुसुंबाची नवी पालवी लाल असते, पांगारा फुलतो तेव्हा अंगावर एक पान ठेवत नाही, तांबट दिसत नाही पण ठोके ऐकू येत राहतात. परत येऊन घामट कपड्यांनीच लिहायला बसायचे. दिवसाला दोन-दोन पानं होत होती, जी पूर्वी महिन्याला होत नव्हती. भाऊ म्हणायचे, "डोंगरार." मी त्यांना खिडकीशी न्यायचे, पडदा पूर्ण उघडायचे, म्हणायचे, "बघा भाऊ, पांगारा फुललाय." ते मान हलवायचे. "नाय. डोंगरार." मी खुर्ची आणखी पुढे सरकवायचे, ग्रिलला टेकेपर्यंत. "डोंगरार, डोंगरार." मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते गप्प व्हायचे. ते मी लिहिलं आहे. शेवटच्या प्रकरणाचा शेवट तोच आहे, डोंगर समोर येताच म्हाताऱ्याचे डोळे भरून येतात.

दिवसातून तीन-चार वेळा, असे चार महिने. मी हिशेब करायला गेले आणि सोडून दिला. शुद्ध हरपलेली नव्हती त्यांची. त्यांना कळत होतं, लागल्याचं आधी कळत होतं, शब्द सापडत होता, तो शब्द ते माणसासारखे उच्चारत होते, आणि त्यांची शिकलेली मुलगी त्यांना उचलून खिडकीशी नेऊन बसवत होती आणि तिथेच ते होत होतं. डायपर होतं म्हणून मला कळलं नाही. माणिकताई दहाला आणि सहाला बदलायच्या. शनिवारी संध्याकाळी त्या निघताना मी त्यांना विचारलं तर पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला माहितीये ना. म्हटलं, लेक आहे, पडायला नको म्हणून उठवत नसेल. आपण मधे कशाला बोलायचं?" त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. मला त्या क्षणी कुणीतरी सरळ शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काकांना सोडायला मी लिफ्टपर्यंत गेले होते. तिथे मी विचारलं, "काका, मग ती फुलं? रविवारी आणायचे ती?" काकांना आधी आठवेना. मग म्हणाले, "ती होय! चेडवाकडे रिकाम्या हातान कसो जाव, म्हणायचो. खेळणा घेवची ऐपत नाय. उतरताना वाटेर गावात ता उचलायचो. तेका काय फुलांतला कळता? गुलाब आनी धोतरो सारखोच." लिफ्ट आली. जाळी सरकवताना ते आणखी म्हणाले, "तो डोंगर लय वायट, गो. पावसात घसराचा, काटे, फुरशी. एकदा तुझ्या बापाच्या पायाकडसून फुरसा गेला. आनी पुरुषांच्या संडासाक दारा नाय, पाणी नाय. काय करतलो माणूस?" मग लिफ्ट खाली गेली. मला ते ऐकून गोड वाटायला हवं होतं, की फुलं माझ्यासाठी होती. वाटलंही थोडं. पण त्याच्याआधी जे वाटलं ते वेगळंच होतं, आणि ते मी इथे लिहून टाकते. मला राग आला. नऊ वर्षं मी एक मोठा माणूस घडवत होते, ज्याच्याकडे डोंगरावर असं काही होतं की त्यापायी मुलीला दुसऱ्याकडे ठेवलं तरी चालेल. मला तसाच बाप हवा होता. माझ्याऐवजी त्याने निदान झाडाला तरी पाणी घातलं, असं म्हणता येईल असा. आता समजलं की तिथे झाड नव्हतंच. एक गरीब माणूस होता, जो रोज सकाळी उघड्यावर बसायला जायचा, आणि त्याला मुलगी सांभाळता आली नाही.

रविवारी सकाळी गंधालीचा फोन आला. "सुलू, कव्हर बघितलंस? झकास आलंय ना? प्रेसवाला थांबलाय हं, उद्या हवंच." मी म्हटलं, "गंधाली, तो झाडाला पाणी घालायला जात नव्हता." "कोण?" "भाऊ. ते डबा घेऊन संडासला जायचे." ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "सॉरी यार, सॉरी. पण मग काय झालं? कादंबरी आहे ना ही? तुझा नायक घालतो पाणी. कोण येणारे विचारायला?" मी म्हटलं, "पुस्तक खोटं आहे." "अगं, खोटं म्हणूनच तर कादंबरी. पाण्याचं प्रकरण म्हणजे पुस्तकाचा कणा आहे, मी पाठमजकुरात तेच घेतलंय. तू आता काही हलवलंस तर वाट लागली आपली. नऊ वर्षं झाली, बाळंत हो एकदाची." ती चुकीचं काही बोलत नव्हती, आणि मला वाटलं होतं की निदान ती तरी मला अडवेल. कुणी अडवत नव्हतं. पुस्तक तयार होतं, लोकांना आवडणार होतं, त्यात माझा बाप डोंगरावर उभा राहणार होता आणि तिथून त्याला कुणी कधी खाली उतरू देणार नव्हतं.

रविवारी माणिकताई नसतात, म्हणून मला डोंगरावर जाता येत नाही. गेलेही नसते. दिवसभर घरात आम्ही दोघं. मी पडदा लावून ठेवला होता. कमोडची खुर्ची पुसून बाथरूममध्ये मांडून ठेवली, आणि वाट बघत बसले की भाऊ कधी म्हणतात. त्यांनी म्हटलंच नाही. चहा झाला, नाश्ता झाला, अंग पुसून झालं, दुपार झाली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, ते छताकडे. शेवटी मीच विचारलं, "भाऊ, डोंगरार?" त्यांनी मान भिंतीकडे वळवली. तेव्हा मला कळलं की त्यांनाही कळलं आहे. शनिवारी काकांनी सगळं त्यांच्यादेखत फोडलं होतं. इतके दिवस तो त्यांचा सभ्य शब्द होता, पोरीसमोर उच्चारता येण्याजोगा. आता पोरीला अर्थ माहीत झाला होता आणि शब्द उघडा पडला होता. संध्याकाळी मी डायपर बदललं तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. थेरपीच्या बाईंचं वाक्य मला आठवत होतं, नाहीतर तो शब्दही सोडून देतो. तीनातला एक शब्द मी खिडकी दाखवून दाखवून मारला, आणि आता तो गेला तर भाऊंकडे होय आणि नाही एवढंच राहणार होतं. मी टेबलाशी बसले. प्रकरण दुरुस्त करू म्हटलं. 'त्याचे डोळे भरून आले' हे वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं, कारण डोळे तर खरंच भरून आले होते. ज्याचे ते डोळे, तो माणूस चार फुटांवर पडून होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून त्याच्याबद्दल शब्द शोधत होते. या घराला दोन खोल्या आहेत. मला तिसरी खोली हवी होती, जिच्यात मी जाऊन दार लावू शकेन, आणि तशी खोली मला आयुष्यात कधी मिळालेली नाही. भाऊंनाही नाही. हे आधी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी आठला मी ठरवलं की जसं आहे तसं पाठवून द्यायचं. कंटाळा आला होता. थकवाही म्हणता येईल, पण कंटाळाच. लॅपटॉप उघडला, प्रकरण जोडलं, 'गंधाली, घे एकदाचं' असं लिहिलं, आणि पाठवण्यासाठी बोट नेलं तेवढ्यात मागून आवाज आला. इतका हलका की आधी मला तो पाइपातला वाटला. "डोंगरार." मी वळले. भाऊ छताकडेच बघत होते. माणिकताईंना यायला अजून तास होता. मी म्हटलं, "हो भाऊ, चला," आणि खुर्ची मागे ढकलून उठले.

भाऊंना मी एकटीने कधी उभं केलं नव्हतं; व्हीलचेअरवर नुसतं सरकवून घ्यायचे, आणि ती पॅसेजमध्ये वळत नाही. काकांनी केलं होतं तसा काखेत हात घातला, त्यांचा डावा हात माझ्या मानेवर घेतला. ते दिसतात त्यापेक्षा जड आहेत. उजवा पाय फरशीवरून ओढत येत होता, प्रत्येक पावलाला त्यांचा श्वास माझ्या कानात. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून दोनदा थांबलो. बाथरूमचं दार अरुंद, तिथे आम्ही तिरके होऊन शिरलो. डायपरच्या पट्ट्या सोडताना ते माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्याकडे. बसवलं. आता बाहेर जावं तर ते उजव्या बाजूला कलत होते, पडले असते. म्हणून मी त्यांच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, आणि एक हात मागे करून त्यांचा खांदा धरून ठेवला. माझ्या नाकासमोर टाइल होती. बाथरूम चार बाय सहाचं, आम्ही दोघं त्यात, आणि काहीच होईना. नळ ठिबकत होता. बाहेरच्या खोलीत माझा फोन वाजायला लागला, गंधालीच असणार, वाजून वाजून बंद झाला. मी जागची हलू शकत नव्हते. भाऊंचा खांदा लाकडासारखा ताठ झाला होता.

"नाय," भाऊ म्हणाले.

"काय नाय? परत जायचं?"

"नाय." मग बराच वेळ नुसता घशातला आवाज, काहीतरी उपसून काढल्यासारखा. "बोल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. चार महिन्यांत चौथा शब्द नव्हता. "काय भाऊ?"

"बोल," ते पुन्हा म्हणाले, चिडून.

ही शांतता त्यांना सहन होत नव्हती. मुलगी हातभर अंतरावर उभी, आणि घरात चिटपाखरूही बोलत नाही. कुठल्याही माणसाला कळली असती अशी गोष्ट. त्यांच्यावर तीनशे नव्वद पानं लिहिली होती, पण त्यांच्याशी बोलायला वाक्य नव्हतं. टाइलकडे बघत मी म्हटलं, "भाऊ, मी तुमच्यावर पुस्तक लिहिलंय." खांदा हलला नाही. "मोठं पुस्तक आहे. मी लहान होते ना, तेव्हा विचारलं होतं पाणी कुणाला, तुम्ही म्हणालात झाडाक. ते मी खरं मानलं. आजपर्यंत खरं मानत होते. पुस्तकात तुम्ही रोज डोंगरावर जाता आणि झाडाला पाणी घालता. पावसाळ्यातसुद्धा घालता. सोळा पानं आहेत नुसती पाण्याची. लोक वाचून रडणारेत म्हणे."

मागे खुर्ची करकरली. ते कलंडतायत असं वाटून मी खांदा गच्च पकडला. खांदा थरथरत होता. मी मान वळवायला गेले आणि वळवली नाही. घशातून खर्रखर्र आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता, आणि हे हसणं आहे हे मला उशिरा समजलं, कारण भाऊंना हसताना मी फार कमी ऐकलं आहे. मग अगदी स्पष्ट, जुन्या आवाजात, ते म्हणाले, "शिरा पडो तुझ्या तोंडार!"

मालवणी माणूस परक्याला अशी शिवी देत नाही. मला कुणी कधीच दिली नव्हती. मावशीच्या घरी शिव्या नव्हत्या, आणि भाऊ रविवारी सोफ्याच्या कडेला बसून माझ्याशी पाहुण्यासारखे बोलायचे. मी टाइलला कपाळ टेकून हसले. हसताना गाल ओले झालेले कळले, आणि तशीच म्हणाले, "मग मला खरं का नाही सांगितलंत? कधीच काही का नाही सांगितलंत?" हे मी डब्याबद्दल विचारत होते की मला बोरिवलीला ठेवण्याबद्दल, ते मलाही नक्की माहीत नव्हतं. त्यांचा डावा हात वर आला, खांद्यावरच्या माझ्या हातावर पडला आणि तिथेच राहिला. बाहेर फोन पुन्हा वाजायला लागला. मी तो वाजू दिला.

"झालं?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"नाय," भाऊ म्हणाले. "बोल."